शस्त्रक्रियेपूर्वींचें एक वर्ष



शस्त्रक्रिया म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच दिवस उभा राहतो. पांढरे दिवे, तोंडावर फडकें बांधलेले डॉक्टर, बाहेरच्या बाकावर घड्याळाकडे पाहत बसलेलीं घरचीं माणसें. त्या दिवसाची धास्ती सर्वांनाच असते. त्याच्या मागच्या दिवसांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आज ज्या शस्त्रक्रियेविषयीं मी बोलणार आहें, तिच्या मागें साधारण एका वर्षाची तयारी असते आणि त्या तयारींतला मोठा भाग केस काढण्याचा असतो. हें ऐकून कोणास हंसूं येईल. केस काढणें हा प्रसाधनाचा, फार तर हौसेचा विषय. त्याचा रुग्णालयाशीं काय संबंध, असें सुशिक्षित घरांतही सहज म्हटलें जातें. संबंध आहे, आणि तो वेळेवर न कळल्यास त्याचा त्रास वर्षानुवर्षें भोगावा लागतो. म्हणून संकोच क्षणभर बाजूस ठेवून हा विषय आपण ऐकून घ्यावा, अशी माझी विनंति आहे.

जन्माच्या वेळीं जिची नोंद मुलगा म्हणून झाली, परंतु जिला आपण स्त्री आहोंत अशीच जाणीव आहे. किंवा याच्या उलट ज्याची नोंद मुलगी म्हणून झाली, पण जो पुरुष आहे. अशा व्यक्तींना आज आपण पारलिंगी म्हणतों. यांपैकीं कांहींजण आपलें शरीर आपल्या जाणिवेशीं जुळतें करून घेण्यासाठीं शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करतात. सर्वच पत्करतात असें नाहीं, आणि ती केली नाहीं म्हणून कोणाची ओळख खोटी ठरत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ च्या निकालांत तिची सक्ति करतां येणार नाहीं असेंच सांगितलें. महाराष्ट्रांत हा विषय घरोघर पोंचला तो बीड जिल्ह्यांतील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यामुळें. त्यांनीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली, ती मिळेना, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि अखेर सरकारची परवानगी मिळून २५ मे २०१८ रोजीं मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयांत त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. ‘पहिली’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. हें काम टप्प्याटप्प्यानें होणारें आहे. वर्तमानपत्रांत एका दिवसाची बातमी येते. मागचे-पुढचे महिने बातमींत येत नाहींत.

आतां केसांचा प्रश्न. स्त्रीचें अंग घडवितांना शल्यविशारद नवी त्वचा कोठून निर्माण करीत नाहींत. बहुतेक वेळां शिश्नाची आणि वृषणकोशाची जी त्वचा असते तीच उलटवून आंत बसवितात, आणि तिचेंच योनिमार्गाचें अस्तर होतें. कासाब्लांका येथील जॉर्ज ब्युरू या फ्रेंच डॉक्टरांनीं १९५६ पासून ही रीत रूढ केली आणि थोड्याफार फरकानें ती अजून चालते. परंतु त्वचा जागा बदलते, स्वभाव बदलत नाहीं. जेथें केस येत होते तेथें ते पुढेंही येत राहतात. पूर्वीं ते बाहेर होते, आतां आंत येतात. आणि आंत वस्तरा पोंचत नाहीं, लेसरचा झोतही पोंचत नाहीं. त्या केसांत स्राव अडकतो, गुंता होतो, दुर्गंधी येते, जंतूंना आसरा मिळतो.

पुरुषाचें अंग घडवितांना गोष्ट याहून कठीण. तेथें पुष्कळदां मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागाची त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलून तिची नळी करतात, आणि त्या नळींतून लघवी जावयाची असते. नळीच्या आंत केस उगवले कीं त्यांच्याभोंवतीं क्षार सांचून खडे होतात, मार्ग तुंबतो, आणि रुग्ण पुन्हा शस्त्रक्रियेच्या खोलींत जातो.

यावर पर्याय नाहींत असें नाहीं. कांहीं शल्यविशारद शस्त्रक्रिया चालू असतांनाच त्वचेच्या आंतल्या बाजूनें केसांचीं मुळें खरवडून किंवा जाळून टाकतात. पण कांहीं मुळें त्यांतूनही सुटतात, म्हणून त्या एका उपायावर विसंबून राहणें बरें नव्हे. मोठ्या आंतड्याचा तुकडा घेऊन अस्तर करण्याची पद्धतही आहे. तेथें केसांचा प्रश्नच उरत नाहीं, परंतु त्यासाठीं पोट उघडावें लागतें किंवा दुर्बिणीनें पोटांत शिरावें लागतें, आणि धोका वाढतो. केसांचा कंटाळा आला एवढ्यासाठीं हा मार्ग घेणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं.

केस कायमचे घालविण्याची विद्या तशी जुनी आहे. अमेरिकेंतील सेंट लुई येथील चार्ल्स मिशेल नांवाच्या नेत्रवैद्यानें १८७५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पापणीचा केस आंत वळून बुबुळाला टोंचूं लागला कीं डोळा जाण्याची पाळी येते. म्हणून त्यानें बारीक सुई केसाच्या मुळापर्यंत सोडून विजेचा सौम्य प्रवाह दिला, आणि केस परत आला नाहीं. प्रसाधनाचा म्हणून हिणविला जाणारा हा उपाय दृष्टि वांचविण्यासाठीं जन्मला, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. त्यालाच आपण इलेक्ट्रॉलिसिस म्हणतों. काळा असो, पांढरा असो, कोणत्याही केसावर तो चालतो. मात्र एक एक केस धरून काम करावें लागतें, तास जातात आणि दुखतेंही.

लेसर हा त्याचा धाकटा भाऊ. अँडरसन व पॅरिश या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं त्याच्या मागचें तत्त्व मांडलें: प्रकाश असा निवडावयाचा कीं केसांतील काळा रंग तो शोषून घेईल, तापेल, आणि आपल्याबरोबर मूळही जाळील. यांत एका झोतांत पुष्कळ केस मरतात, म्हणून लेसर झपाट्याचा. पण त्याला काळा रंगच दिसतो. पांढऱ्या व पिंगट केसांपुढें तो आंधळा आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें लेसरला ‘केस कायमचे कमी करणारा’ एवढेंच म्हणण्याची मुभा दिली आहे. ‘केस कायमचे काढणारी’ हें बिरुद सुईकडेच आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणीं बहुतेक केस लेसरनें घालवितात आणि उरलेले सुईनें वेंचतात.

आपल्याकडच्या सांवळ्या वर्णाच्या माणसानें येथें विशेष जपावयास हवें. काळा रंग त्वचेंतही असतो, आणि यंत्राला केस कोणता व कातडी कोणती हें समजत नाहीं. चुकीचें यंत्र किंवा अधिक जोर लागला तर त्वचा भाजते, काळे डाग पडतात. अशा वर्णाला १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा, एनडी-याग नांवाचा लेसर अधिक सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या थराला फारसा न छेडतां खोल जातो. आधीं लहानशा जागेवर परीक्षा करून पाहावी, आणि यंत्र कोणतें आहे हें विचारण्यांत मुळींच भीड धरूं नये. बधिर करणारें मलम डॉक्टर सांगतील तेवढेंच लावावें. अधिक आराम मिळेल म्हणून तें मोठ्या भागावर फांसून वर प्लास्टिक गुंडाळल्यामुळें परदेशांत माणसें दगावलेलीं आहेत.

वर्ष लागतें तें कशामुळें, हें आतां पाहूं. आपले सगळे केस एकाच वेळीं वाढत नसतात. कांहीं वाढीला लागलेले, कांहीं गळण्याच्या बेतांत, कांहीं निवांत झोंपलेले. झोत लागूं पडतो तो वाढत्या केसाला. झोंपलेले जागे होईपर्यंत थांबावें लागतें, म्हणून दोन बैठकांमध्यें चार ते आठ आठवड्यांचें अंतर. सहा-आठ बैठका, कित्येकांना त्याहून अधिक. हिशेब करा, वर्ष भरत आलेंच. शिवाय शेवटच्या बैठकीनंतर तीन महिने वाट पाहून नवा केस उगवत नाहीं याची खात्री करून घ्यावी, असें या विषयांतले जाणते सांगतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आतां केसांचें पाहूं, हा क्रम म्हणूनच उलटा आहे. आधीं शल्यविशारदांना भेटावें, कोणती त्वचा कोठें वापरली जाणार याची आकृति त्यांच्याकडून काढून घ्यावी, आणि ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. हात वापरावयाचा असेल तर तो कोणता, हेंही तेच ठरवितात. बहुधा कामाचा नसलेला हात निवडतात, आणि तेथली एक रक्तवाहिनी काढून घेतल्यावर दुसरी पंजाला पुरें रक्त पुरवील कीं नाहीं हें तपासून घेतात. ही तपासणी होण्यापूर्वीं भलत्याच हातावर पैसे खर्च करण्यांत अर्थ नाहीं.

आतां हें सारें पालघर-बोईसरच्या माणसाच्या दृष्टीनें पाहा. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला, पण मोठ्या रुग्णालयासाठीं त्याची वाट अजून मुंबईकडेच जाते. समजा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीनें काम करणारी एखादी व्यक्ति आहे. बोईसरला गाडींत बसावें. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, आणि मग विरार. तेथून पुढें खरी मुंबई अजून दूरच. एका बैठकीमागें एक पाळी बुडते. अंतःस्रावांच्या डॉक्टरांकडच्या खेपा वेगळ्या, मानसोपचारतज्ज्ञांच्या वेगळ्या. पाळी बुडाल्याचें कारण मुकादमाला काय सांगावें, हा प्रश्न त्याहून अवघड. डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ सालीं सुरू झाल्या ही मोठीच सोय. तरी वर्षांत पंधरा-वीस खेपा हा कांहीं लहान बोजा नव्हे. पण केस काढण्याचें काम शस्त्रक्रियेच्या रुग्णालयांतच झालें पाहिजे असा नियम नाहीं. आकृति हातीं असली आणि योग्य यंत्र व जबाबदार तज्ज्ञ वसई-विरारकडे किंवा त्याहूनही जवळ मिळाला, तर निम्मी पायपीट वांचते. मात्र गुप्तांगाचें काम आपण करतों का, हें आधीं दूरध्वनीवरच विचारून घ्यावें. पुष्कळ ठिकाणीं तें करीत नाहींत, आणि नकार समोरासमोर ऐकण्यासाठीं कोणी गाडीभाडें खर्चूं नये.

कामाचा प्रकारही पाहावा लागतो. बैठकीनंतर एक-दोन दिवस त्वचा लाल व हळवी असते. भट्टीजवळची धग, घाम, रसायनांचे शिंतोडे त्या दिवसांत टाळले पाहिजेत, म्हणून बैठक सुट्टीच्या आदल्या दिवशीं घेणें सोयीचें. सातपाटीसारख्या बंदरावर उन्हांत राबणाऱ्याचा हात रापलेला असतो, आणि रापलेल्या कातडीवर लेसर भाजतो. हाताची तयारी करावयाची असेल तर कित्येक आठवडे आधींपासून पुऱ्या बाहीचा सदरा घालावा, इतका साधा उपाय आहे.

एक जुनी संवय येथें आड येते. तृतीयपंथीयांच्या घराण्यांत दाढी वस्तऱ्यानें न करतां चिमट्यानें उपटण्याची चाल पूर्वापार आहे. ज्या समाजानें यांना घराबाहेर काढलें त्यानें या चिमट्याची टवाळीही केली; पण तो चिमटा म्हणजे गुरूच्या घरीं मिळालेलें, स्वतःच्या चेहऱ्यावरचें स्वतःचें राज्य होतें. परंतु लेसरला जाळावयाला आंत केस हवा. उपटला तर झोत कोणाला लागणार? म्हणून बैठकांच्या काळांत चिमटा, दोरा, मेण सारें बंद, वस्तरा चालतो. सुईच्या उपायाला तर केस थोडा वाढलेला लागतो, कारण तो धरावयाचा असतो. आणि दाढीविषयीं एवढें सांगतों कीं अंतःस्रावांच्या औषधांनीं अंगावरचे केस विरळ होतात, दाढी जात नाहीं. शस्त्रक्रियेशीं तिचा संबंध नाहीं, पण गाडींतल्या बायकांच्या डब्यांत रोज उभें राहणाऱ्या स्त्रीला तिचा प्रश्न शस्त्रक्रियेहून जवळचा असूं शकतो.

पैशाचें काय? २०१९ सालीं संसदेनें तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या पंधराव्या कलमांत सरकारी विम्यानें कोणता खर्च उचलावा हें सांगतांना शस्त्रक्रिया व अंतःस्राव-उपचार यांच्या जोडीला लेसरचाही स्पष्ट उल्लेख केला होता. घरांत जें हौसेचें ठरतें तें संसदेनें उपचारांत धरलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें २४ ऑगस्ट २०२२ रोजीं आयुष्मान भारत योजनेखालीं अशा व्यक्तींना दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतचें विमासंरक्षण देण्याचा करार केंद्रांत झाला. कागद आणि रुग्णालयाची खिडकी यांच्यांतलें अंतर आपण सर्वच जाणतों. तेव्हां पहिल्याच भेटींत केसांच्या बैठका कोणत्या योजनेंत बसतात हें लेखी विचारून घ्यावें, आणि खाजगी ठिकाणीं एका बैठकीचा दर न विचारतां संपूर्ण कामाचा अंदाज मागावा.

राहिली घरची मंडळी. माझ्यासमोर आज बहुधा तींच आहेत. आपल्या घरांतली मुलगी, जिला आपण कालपरवांपर्यंत मुलगा म्हणत होतों, दर सहा आठवड्यांनीं कोठेंशी जाते, पैसे खर्च करते, दोन दिवस उन्हांत येत नाहीं. आईला वाटतें, ही नटण्याचीं थेरें. वडील बोलत नाहींत. तिला सांगवत नाहीं, कारण ज्या अवयवाची गोष्ट आहे त्याचें नांव घरांत कोणी घेत नाहीं. मग ती घाई करते. बैठका अर्ध्यावर सोडते, किंवा स्वस्तांत करून देणारा कोणी गांठते. शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणावयाचें कीं नाहीं हा तुमचा वाद चालायचा तेवढा चालूं द्या. पण ती सज्ञान आहे, निर्णय तिचा आहे, आणि हें वर्ष कांहीं तुमच्या वादासाठीं थांबणार नाहीं. त्या वर्षांत कोणीतरी तिच्याबरोबर गाडींत बसूं शकतें. परततांना संध्याकाळच्या विरारच्या गर्दींत दुखऱ्या अंगानें उभें राहणें फार जड जातें. बरोबर माणूस असलें तर निदान बसावयाची जागा धरून ठेवतां येते.