परदेशातला माणूस घरी येतो तेव्हा

सौदी, दुबई, कुवेतला कामाला गेलेला माणूस आता कायमचा घरी येणार, अशी घरं आपल्या वाशीम जिल्ह्यातही आहेत. आजचं बोलणं त्या घरातल्या बायांशी.

गटांच्या बैठका घेत आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा एक गोष्ट दिसते. जाताना पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा अशी सगळी तयारी होते. येताना मात्र फक्त बॅगा भरल्या जातात. खरं तर येण्याची तयारी तो विमानात बसायच्या आधी, दोघांनी फोनवर बोलून करायची असते.

पहिलं, हक्काचा पैसा. नोकरी सोडताना तिथं ग्रॅच्युइटी मिळते. दुबईत, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, वर्षभर नोकरी झालेल्या कंपनी कामगाराला पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार मिळतो. सौदीत करार पूर्ण केला, तर पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार मिळतो. घरकाम करणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. पैसे हाती आल्याशिवाय 'सगळं मिळालं' अशा कागदावर सही करू नका, असं त्याला आवर्जून सांगा. अनुभवाचा दाखलाही मागून घ्यायचा. पैसे अडले तर भारतीय दूतावासात किंवा सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. ती तिथं असतानाच केलेली बरी.

दुसरं, बँक. त्याचं एनआरई खातं असेल, तर कायमचं परत आल्यावर बँकेला कळवून ते साध्या खात्यात बदलून घ्यावं लागतं.

कधीकधी तयारीला वेळच मिळत नाही. 1990 मध्ये कुवेतवर हल्ला झाला, तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. 2020 मध्ये कोरोनात पुन्हा तेच झालं. म्हणून आलेल्या पैशाचा हिशोब दर महिन्याला वहीत लिहिलेला असावा.

आता तिसरं, आणि हेच सगळ्यात मोठं. इतकी वर्षं सोयाबीन कोणी पेरलं, कोणी विकलं? पोरांची फी, सासूचं औषध, गटाचा हप्ता कोणी सांभाळला? तुम्हीच ना! मग माणूस आला की "आता घरचे आले, ते पाहतील," म्हणून बाई बैठकीला येणं का सोडते?

त्याचंही अवघडच असतं, बरं. कृषी केंद्राची उधारी किती, बाजारात भाव काय, त्याला ठाऊक नसतं. लहान पोरं जवळ जात नाहीत. त्यात उसने मागणारे दारात. अशा वेळी त्याच्यापुढं वही ठेवा. पहिले तीन महिने गाडी नको, मोठं जेवण नको. आधी कर्ज फेडा, मग दोघं मिळून ठरवा.

आणि नावाचं बोला. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा. बाईच्या नावानं घर विकत घेतलं, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

त्यानं तिकडं घाम गाळला, तुम्ही इकडं. तेव्हा घरचा निर्णयही दोघांचाच. ज्यांच्या घरचा माणूस यायचा आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. हिशोब सोबत बसून लावू.