आधी लेकीचं नाव लावा



रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस येते आणि तिच्यावर नाव असतं केव्हाच वारलेल्या आजोबांचं. आपल्या जालना, बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. अशा वेळी मोबदला कोणी उचलायचा, हा प्रश्न सातबाऱ्यापाशी येऊन अडतो. पीककर्जाचंही तेच. कसणारा एक, कागदावर दुसराच.

म्हणून शासनानं २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. १ मार्चला शेजारच्या बुलढाण्यात सुरुवात झाली, १ एप्रिलपासून राज्यभर. चावडीवाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या. पण वारसांची नावं लावायचं हे काम मोहिमेवाचूनही होतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. सोबत मृत्यूदाखला आणि सगळ्या वारसांची नावं. फेरफार धरला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस होतो आणि वारसांची नावं चढतात.

खरी गोम या नावांतच आहे. ‘लेक दिल्या घरी गेली, तिचं नाव कशाला?’ असं म्हणून ते गाळलं जातं. पण कायदा वेगळं सांगतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि आई सारखेच वाटेकरी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क आहे. २००५ चा कायदा तेच सांगतो, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. नाव गाळल्यानं तिचा हक्क बुडत नाही. फेरफार ही महसुली नोंद, मालकीचा निवाडा नव्हे. मात्र पुढे जमीन विकायची वेळ आली की दावा उभा राहतो. बहिणीला राजीखुशीनं हिस्सा सोडायचा असेल, तर आधी तिचं नाव लावा, मग हक्कसोडपत्र रजिस्टर करा.

बँकेतल्या पैशांची वाट वेगळी. नॉमिनीच्या हाती रक्कम मिळते, पण ती वारसांच्या वतीनं. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक सहसा दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला सांगते.

तेरवीला सगळी भावंडं जमलेलीच असतात. आधारच्या झेरॉक्स आणि सह्या तेव्हाच घेऊन ठेवा. आणखी एक पिढी गेली, की चार वारसांचे वीस होतात आणि निम्मे पुण्या-मुंबईला असतात.