यंत्राचे स्थलांतर आणि माणसांची नावे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा सर्व्हरसारख्या विषयावर या युनियनवाल्याने काय म्हणून बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आमच्याच एका चुकीची हकिगत सांगणार आहोत.

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा, इंटरनेटला जोडलेला संगणक. तो दूर कोठेतरी असतो, आपण त्याचे भाडे भरतो आणि त्यावर आपली वेबसाइट व नोंदी ठेवतो. त्या यंत्रावर एक मुकादम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आत कोणाला घ्यायचे, कोणते काम कोणाला द्यायचे, कोणते कपाट कोणासाठी उघडायचे, हे सारे तो पाहतो. या मुकादमाच्या कारभारात नवनवी छिद्रे सापडत राहतात आणि त्याला घडविणारे लोक ती बुजविण्यासाठी दुरुस्त्या पाठवितात. पण ठरलेली मुदत संपली की दुरुस्त्या येणे थांबते. यंत्र मात्र बंद पडत नाही. कालच्यासारखेच आजही चालते, आणि फसगत होते ती इथेच.

आता आमची गोष्ट. आसनगाव परिसरातील आणि मुरबाड एमआयडीसीतील कंत्राटी कामगार, तसेच दोन्ही तालुक्यांतील बांधकाम मजूर आमच्या संघटनेत आहेत. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत निदान 90 दिवस काम केलेले असावे लागे. वर्षभरात चार ठेकेदारांकडे राबणाऱ्या बाईला हे 90 दिवस कोण मोजून देणार? म्हणून आम्ही दिवसांची वही ठेवू लागलो. पुढे 2016 साली संघटनेतल्याच एका होतकरू मुलाने ती वही सर्व्हरवर चढविली. कल्याणला खेप न घालता शहापुरात बसून दाखल्याचा कागद निघू लागला. मुलगा नोकरीला पुण्यास गेला. पासवर्ड त्याच्या डोक्यात राहिला, आणि आम्ही निर्धास्त राहिलो.

आमचा मुकादम होता सेंटओएस 7. रेड हॅट कंपनी आपल्या प्रणालीचा मूळ मजकूर खुला ठेवी. त्यावरून स्वयंसेवकांनी ही प्रणाली उभी केली आणि फुकट वाटली. जगभरचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालत. तिच्या 8 व्या आवृत्तीची मुदत 2029 पर्यंत सांगितली होती. पण 8 डिसेंबर 2020 रोजी जाहीर झाले की ती 31 डिसेंबर 2021 लाच संपेल. फुकटच्या वस्तूला करार नसतो हे खरे, तरी विसंबलेल्यांची धांदल उडाली. त्यातून अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय निघाले. रॉकी हे नाव सेंटओएसच्या आरंभीच्या एका दिवंगत सहकाऱ्याचे. ते ग्रेगरी कुर्त्झर यांनी आठवणीने दिले, याचे आम्हाला अगत्य वाटते. आमच्या 7 ची मुदत मात्र ठरल्याप्रमाणे 30 जून 2024 ला संपली. तारीख कैक वर्षे आधीपासून जाहीर होती. कोणाला बोल लावायला जागाच नव्हती.

त्या मुलाने पुण्याहून दोनदा फोन केला. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा आम्हीच म्हणालो, "चालते आहे ना? मग कशाला हात लावायचा?"

श्रोतेहो, हे वाक्य आम्ही तीस वर्षे मालकांच्या तोंडून ऐकले आहे. पॉवर प्रेसला गार्ड बसवा म्हटले की मालक म्हणे, चालते आहे ना? मग एके दिवशी एखाद्या पोराची बोटे जात. तेच वाक्य आमच्या तोंडी आले आणि आमच्या ध्यानीही आले नाही!

ध्यानी आणून दिले ते उरणकडच्या एका स्नेह्याने. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या संगणकीय हल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर कोलमडली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो हल्ला ज्या वाटांनी पसरला, त्यांतील एका छिद्राची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघाली होती. कंपनीला पुढे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. एवढ्या मोठ्या घराची ही गत, तर आमची झोपडी किती काळ उभी राहणार?

मग कामाला लागलो. पहिला धडा असा की, राहत्या घराचा पाया उपसायचा नसतो. शेजारी नवे घर बांधायचे, सामान हलवायचे, चूल पेटते का पाहायचे, आणि मगच पोस्टमनला नवा पत्ता द्यायचा. आम्ही अल्मा लिनक्सचा दुसरा सर्व्हर भाड्याने घेतला. खजिनदार कुरकुरले, "दोन-दोन भाडी कशाला?"

नव्या घरात पहिल्या दिवशी पान कोरेच उघडले. आमचा कार्यक्रम जुन्या पीएचपी भाषेत लिहिलेला. त्यातील डेटाबेसशी बोलण्याची जुनी पद्धत पीएचपी 7 पासून काढून टाकलेली. मुलाने चार रविवार खर्चून ते दुरुस्त केले. पान उघडले, आकडे जागच्या जागी होते. पण नावांच्या रकान्यात पाहतो तो काय, ओळीने प्रश्नचिन्हे! जुन्या डेटाबेसने देवनागरी अक्षरे भलत्याच लिपीच्या खात्यात ठेवली होती. नक्कल काढताना त्या खात्यात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह झाले. आणि एकदा झाले की त्या नकलेतून मूळ अक्षर परत मिळत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. भांडी, कोंबड्या, सारे बरोबर नेतात. पोराचे नाव तेवढे शाळेच्या पटावरून गळते. आमच्या स्थलांतरातही नेमकी नावेच गळाली. तोकावड्याकडच्या एका बाईचे 94 दिवस नीट होते. पण ते कोणाचे, हे यंत्राला सांगता येईना.

तारले ते खजिनदारांना खुपलेल्या दुसऱ्या भाड्याने. जुने घर अजून उभे होते. तेथून अक्षरांची खूण नीट सांगून नव्याने नक्कल काढली आणि जुन्या कागदी वह्या पुढ्यात घेऊन तिघांनी आठ रात्री एकेक नाव ताडून पाहिले. मगच पत्ता बदलला, आणि जुने यंत्र आणखी महिनाभर ठेवून मग सोडले. पासवर्ड आता दोघांपाशी आहे आणि तिसरी प्रत लखोट्यात बंद आहे.

आपल्यापैकी कोणी पतपेढीचे संचालक असाल, कोणी शाळेचे, वाचनालयाचे विश्वस्त असाल. येत्या सभेत चार प्रश्न विचारा. आपल्या यंत्रावरचा मुकादम कोणता? त्याची मुदत कधी संपते? नोंदींची नक्कल काढतो, ती परत उघडून कोणी पाहिली आहे काय? आणि जाणता माणूस उद्या गावाला गेला तर किल्ली कोणापाशी? उत्तर देणाऱ्यावर रागावू नका. त्याला वेळ आणि पैसा द्या. दुरुस्ती हेही श्रमच आहेत, आणि ते दिसत नाहीत म्हणून त्यांचे मोल बुडविणे आम्हा कामगारांना तरी शोभत नाही.