अल्पदृष्टी आणि वृद्धांचे जीवनमान



१८६२ साली डॉ. स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता सिद्ध केला; दृष्टी आजही त्यावर मोजतात. परंतु चष्मा लावूनही ६/६० दृष्टी असलेले दोन वृद्ध सारखेच जगतात काय? एक पायऱ्या चाचपत मंदिरात जातो. दुसरा पडण्याच्या भीतीने उंबरठाही ओलांडत नाही. कापडाचा पन्ना मोजून पोत कळत नाही, तसेच हे.

२००५ साली भारतीय नेत्ररुग्णांसाठी ३३ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. त्यात २१ प्रश्न नित्य व्यवहाराचे, ७ दृष्टीच्या तक्रारींचे, आणि मनाचे अवघे ५! त्यांतील एक, इतरांवर ओझे झाल्याचे वाटते काय? शेजारी सून उभी असता वृद्ध याचे खरे उत्तर कसे देणार? नेत्रशिबिरांत हा प्रश्न एकांतात विचारला जावा.