एकोणतीस हजार म्हणजे नेमके किती?

१८५६ साली हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची जाहीर झाली, ती २९,००२ फूट. बिहारच्या मैदानातील सहा ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून, शिखराचे कोन मोजले गेले होते आणि राधानाथ सिकदारांसारख्या गणकांनी पुढील आकडेमोड केली होती. या उंचीविषयी एक आख्यायिका आहे. उत्तर बरोबर २९,००० फूट आले. परंतु लोक त्याला अंदाजाचा आकडा समजतील, या भीतीने त्यात दोन फूट मिळविण्यात आले! आख्यायिकेची सत्यता इतिहासकारांवर सोपवावी. त्या भीतीत मात्र तथ्य आहे.

संख्या स्थूल करताना अर्ध्याहून कमी भाग सोडून देतात. अर्धा किंवा अधिक असल्यास पुरा एक धरतात. हा नियम शाळेत सर्वांनी गिरविलेला असतो. आता प्रश्न उलट विचारावा. स्थूल संख्या हाती आहे. मग मूळ संख्या कमीत कमी किती असेल?

उत्तर सोपे आहे. ज्या स्थानापर्यंत संख्या स्थूल केली, त्या स्थानाच्या एका एककाचे निम्मे तीतून वजा करावे. २९,००० हा आकडा हजारापर्यंत स्थूल असेल, तर मूळ उंची कमीत कमी २८,५०० फूट. शंभरापर्यंत असेल तर २८,९५०. दहापर्यंत असेल तर २८,९९५. आणि फुटापर्यंत असेल तर २८,९९९·५. आकडा तोच, पण त्याच्या पोटातील शंका कोठे पाचशे फुटांची, तर कोठे अर्ध्या फुटाची.

वरच्या टोकाची गोष्ट किंचित निराळी. हजारापर्यंतच्या उदाहरणात २८,५०० ही संख्या चालते, २९,५०० चालत नाही. कारण ती थेट ३०,००० होते.

या नीचांकाचा उपयोग काय? दुसऱ्या क्रमांकाचे के-टू शिखर २८,२५१ फूट आहे. म्हणजे एव्हरेस्टची उंची अगदी २८,५०० धरली, तरी त्याचा पहिला मान अबाधित राहतो. निर्णय सुरक्षित आहे की नाही, हे नीचांक सांगतो.

मात्र एक सावधगिरी हवी. हा नीचांक आकडा कसा लिहिला एवढेच सांगतो. मोजणी किती अचूक होती, हे सांगत नाही. एव्हरेस्टची ८,८४८ मीटर ही उंची अनेक वर्षे सर्वत्र मान्य होती. त्या आकड्याप्रमाणे मूळ उंची ८,८४७·५ मीटर किंवा अधिक, पण ८,८४८·५ हून कमी असावयास हवी. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८·८६ मीटर आहे. ती या मर्यादेबाहेर पडते. यात स्थूलीकरणाच्या नियमाचा दोष नाही. मोजणीच नव्याने झाली.

म्हणून शून्यांनी संपणारा आकडा समोर आला, की तो कोणत्या स्थानापर्यंत स्थूल केला आहे, हे प्रथम विचारावे. आणि लिहिणाऱ्याने ते न विचारता सांगावे. अचूकतेचा आभास निर्माण करण्यासाठी दोन फूट वाढविण्यापेक्षा, ‘फुटापर्यंत अचूक’ हे दोन शब्द वाढविणे अधिक प्रामाणिक होय.