भोंगा वाजला, पुढे कोण येणार?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण, थोडे आटोपते घेऊन)



मला विषय दिलाय, नवीन घराला चोरीचा अलार्म कोणता बसवावा. आपल्याकडे जुनी घरं पाडून नवे बंगले बांधणं सुरू झालंय, म्हणून विषय वेळेवर आहे. मी वायरिंगची कामं करणारा माणूस, भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

आपला जिल्हा या बाबतीत जगावेगळा आहे. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा. 2011 मध्ये युको बँकेनं तिथे शाखा उघडली, ती बिनकुलपाची बँक म्हणून देशभर गाजली. पण 2015 मध्ये तिथेही पोलीस ठाणं आलंच. आपण मिरजगावकर शनिदेवाला तेल वाहतो आणि घरी येऊन कुलूपही लावतो. तेच बरं.

अलार्म ही काही फार अवघड चीज नाही. चौकटीवर एक छोटा स्विच, दाराच्या फळीवर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जातं आणि भोंगा वाजतो. अमेरिकेत बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप नावाच्या माणसानं विजेच्या घंटीचं असं पेटंट 1853 मध्ये घेतलं. त्याच वर्षी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. म्हणजे कल्पना पावणेदोनशे वर्षांकडे झुकलेली आहे. दुकानदार "एकदम लेटेस्ट" म्हणाला तर हे आठवा.

आता मुद्द्याचं. अलार्म चोराला धरत नाही, तो फक्त ओरडतो. म्हणून डबा कुठल्या कंपनीचा हे नंतर, आधी विचार करा की रात्री अडीच वाजता ओरडल्यावर येणार कोण? पॅनलमध्ये सिमकार्ड असतं, आपण दिलेल्या पाच-सहा नंबरांवर तो ओळीनं फोन लावतो. मी घरोघरी हे नंबर भरून देतो ना, पहिला नंबर हमखास पुण्यातल्या मुलाचा, दुसरा चाकणच्या, तिसरा मुंबईच्या जावयाचा. मंडळी, पोरं गुणी आहेत, पण निघाल्यापासून पोचेपर्यंत तीन तास! तोपर्यंत आई-वडील दोघंच घरात. पहिले दोन नंबर शेजारच्या घरांचे घाला. त्यांना आधी सांगा, विचारा, आणि ज्याची झोप सावध त्याचा नंबर आधी. मुलाचा तिसरा चालेल. पोलिसांसाठी 112 आपण स्वतः लावायचा. तो पॅनलमध्ये भरू नका, नाहीतर मांजर गेलं तरी पोलिसांना फोन.

आणि शेजाऱ्याला नुसता भोंगा ऐकू येऊन भागत नाही. आपल्या भागात चोर काय करतात, आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, मग आपला कडी-कोयंडा तोडतात. शेजारी जागा होतो पण आतच कोंडला जातो. त्यावर उपाय साधा आहे: बाहेरच्या कडीला काढता येणार नाही असा अडथळा बसवा किंवा ती कडीच काढून टाका. सुताराचं काम आहे. अलार्म घेण्याआधी हे करा, भक्कम चौकट आणि चांगलं लॅच त्यात आलंच.

विजेचं तर तुम्हाला सांगायलाच नको. पॅनलला स्वतःची बॅटरी हवीच. ती दोन-तीन वर्षांत उतरते, बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करनं लिहून ठेवा. वायफायवर चालणारा अलार्म घेतलात तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की सगळं मुकं. सिमचं आणखी एक: स्वस्त पॅनल पुष्कळदा टूजीवरच चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं नेटवर्क फोरजीपासूनच सुरू होतं. घेताना "फोरजी आहे का?" हे विचाराच. आणि रिचार्ज! ज्या सिमवर कुणी बोलत नाही त्याचा रिचार्ज संपलेला कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी प्लास्टर व्हायच्या आत मला किंवा तुमच्या वायरमनला हाक मारा. दरवाजे, खिडक्या आणि जिन्यापर्यंत रिकामे पाईप भिंतीत टाकून ठेवा, तारा नंतर ओढता येतात. तारेचा सेन्सर वर्षानुवर्षं चालतो, बिनतारीत प्रत्येकात वेगळा सेल बदलत बसावं लागतं. जुन्या घरात भिंत फोडण्यापेक्षा मात्र बिनतारी बरा.

खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो. आपल्या मे महिन्यात बंद खोली तापून माणसाच्या अंगाइतकी गरम झाली की त्याला फरक कळेनासा होतो. म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबू नका, दारावरचे चुंबकवाले सेन्सर मुख्य ठेवा. तो खिडकीच्या उन्हासमोर किंवा हलणाऱ्या पडद्यासमोर बसवला तर उगाच बोंबलतो. चार वेळा उगाच वाजला की आजी बटण बंद करते ते कायमचंच. आजीचं चुकत नाही, बसवणाऱ्याचं चुकतं.

कॅमेऱ्याबद्दल बरेच विचारतात. कॅमेरा घ्या, पण तो झालेलं दाखवतो. आणि रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही नेतात.

माझं एक आग्रहाचं सांगणं. म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी एक धोक्याचं बटण घ्या. चोर एखादवेळ येईल न येईल, पण बाथरूममध्ये पाय घसरला, रात्री छातीत कळ आली, तरी तेच बटण शेजाऱ्याला उठवतं.

ग्रामसुरक्षा यंत्रणा आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांत आहे. एका टोल फ्री नंबरवर निरोप सांगितला की नोंद असलेल्या सगळ्या गावकऱ्यांना एकदम फोन जातो, साध्या मोबाईलवरसुद्धा. घरात नवीन सिम घेतलेल्यांनी आपला नंबर नोंदलेला आहे का, हे तपासून घ्या. सुनांचे नंबरही द्या, दिवसा घरी त्याच असतात.

मागच्या टेबलावर एक पॅनल आणि दाराची छोटी चौकट मांडून ठेवलीये. चहा घेता घेता उघडून बघा. भोंग्यावर टॉवेल गुंडाळलाय, शेजारच्या घरात बाळ झोपलंय.