मोगलीचे गाव कोणते?

लहानपणी मनात घर करून राहिलेली गोष्ट प्रौढपणी पुन्हा भेटली, की तिच्यापेक्षा आपणच किती पालटलो आहोत, हे प्रथम कळते. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी माझ्या मुलीने मला एक जुना चित्रपट पाहावयास बसविले. मी तो प्रथम पाहिला तेव्हा तिच्याच वयाचा होतो. पुण्यास मामांच्या घरी, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, भावंडांच्या गलक्यात. चित्रपट होता 'द जंगल बुक'. रडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ मधील पुस्तकावरून वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने तो चित्रांतून साकारला आणि १९६७ मध्ये, डिस्ने यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, तो पडद्यावर आला.

त्या वेळी मला आवडला होता तो बल्लू अस्वल. नाचावे, गावे, खावे, आणि उद्याची चिंता करू नये, हे त्याचे तत्त्वज्ञान शाळकरी मुलास न पटते तरच नवल! बगीरा मात्र उगाच शिस्त लावणारा वाटला होता. या खेपेस पाहतो, तो बगीरा अगदी आमच्या सरकारी सेवेतला! अंगावर पडलेले काम अप्रिय, मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध माणसांत पोहोचविण्याचे. ते तडीस न्यायचे, आणि त्याबद्दल कोणी आभार मानील ही अपेक्षा ठेवायची नाही.

अखेरीस पाणी भरावयास आलेल्या एका मुलीच्या मागे, तिची घागर डोक्यावर घेऊन, मोगली गावात शिरतो. एकदा मागे वळून पाहतो, खांदे उडवून हसतो आणि दिसेनासा होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या लवकर तो त्यांचा कसा झाला?"

उत्तर सुचेना, म्हणून रात्री कपाटातून मूळ पुस्तक काढले. चित्रपटाच्या लेखकांना डिस्ने यांनी ते पुस्तक वाचू नका असे सांगितले होते, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती खरी वाटावी इतके अंतर या दोहोंत आहे. चित्रपटात वानरांना राजा आहे, आणि तोही भारतात न आढळणारा ओरांगउटान. पुस्तकातील वानरांना ना राजा, ना कायदा. पडद्यावर कपटी ठरलेला का अजगर पुस्तकात मोगलीचा प्राण वाचवितो. बगीरा उदेपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मलेला; गळपट्ट्याची खूण त्याच्या मानेवर अजून आहे. माणसे कशी असतात हे तो जाणतो, ते यामुळेच.

पण सर्वांत मोठा फरक शेवटात आहे. पुस्तकातील मोगलीला लांडग्यांचा कळप घालवून देतो. तो गावात येतो, तीन महिने खपून माणसांची भाषा शिकतो, म्हशींच्या कळपाखाली शेरखानाला तुडवून मारतो. आणि त्याच गावचे लोक चेटक्या म्हणून त्याला दगड मारून हाकलतात. कळप गेला, गावही गेले.

हे दुःख किपलिंग यांना कोठून कळले असावे? ते १८६५ मध्ये मुंबईत जन्मले. दाईच्या आणि नोकरांच्या तोंडची देशी भाषाच त्यांच्या विचारांची आणि स्वप्नांची भाषा होती. सहावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास त्यांना इंग्लंडात परक्या घरी ठेवण्यात आले. १८८२ मध्ये ते मुंबईत परतले, तेव्हा तोंडून देशी वाक्ये आपोआप बाहेर पडत, पण त्यांचा अर्थ त्यांचा त्यांनाच कळत नसे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यांचा साम्राज्याभिमान आपणांस कधीच मानवणार नाही. परंतु हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

कारण माझी मुलगी गुवाहाटीस जन्मली, लखनौस शाळेत गेली आणि आता दिल्लीस आहे. शाळेच्या अर्जावर 'मूळ गाव' या रकान्यात मी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाचे नाव लिहितो. "मी तिथे एकूण किती दिवस राहिले?" असे तिने एकदा विचारले होते. मोजले, तर अकरा भरले. बदलीचा हुकूम माझ्या नावाने निघतो. मैत्रिणी मात्र दर वेळी तिच्या सुटतात.

पुढच्या रविवारपासून मी तिला ते पुस्तक मराठीत सांगू लागलो. पुस्तकातील बल्लू नाचरा नाही, वृद्ध गुरुजी आहे. तो मोगलीला पक्ष्यांची, सापांची, साऱ्या अरण्याची बोली शिकवितो, प्रसंगी मार देऊन शिकवितो. आणि वानरांनी पळवून नेल्यावर तीच विद्या मोगलीच्या कामी येते. चित्रपटाने हे सारे गाळले आहे.

मोगलीवर गावाने दगड फेकले, तो भाग आला तेव्हा मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "पण माणसांत राहून तो लांडग्यांची भाषा विसरला नव्हता ना?"

"नाही," मी म्हटले. त्याचे गाव कोणते, हे मला सांगता आले नसते. एवढे मात्र खात्रीने सांगता आले.